कॉलेज बदलावं की थांबावं: बॅकअप क्वार्टरबॅकच्या आईचा अनुभव

अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक जागेवरचा राखीव खेळाडू सामन्यात केव्हा ना केव्हा मैदानात उतरतो. बचावफळी दमली की दुसरी येते, चेंडू घेऊन पळणारे आलटून पालटून खेळतात. क्वार्टरबॅकचं तसं नाही. खेळ चालवणारा तो एकच, आणि तो धडधाकट आहे तोवर दुसऱ्याला काम नाही. क्रिकेट संघाबरोबर दौऱ्यावर गेलेल्या दुसऱ्या यष्टिरक्षकासारखी बॅकअप क्वार्टरबॅकची गत असते. माझा मुलगा तीन हंगाम तसा होता आणि २०२६ च्या जानेवारीत त्याने विद्यापीठ बदललं. ते ठरवताना काय काय झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण इथल्या मराठी घरांतली मुलंही आता कॉलेजच्या खेळांत दिसायला लागली आहेत, आणि आईवडिलांच्या हाती लागते ती माहिती बहुतेक गाजलेल्या खेळाडूंबद्दलची असते.

आम्ही ओहायोत, सिनसिनाटीजवळ राहतो. मी एका कम्युनिटी कॉलेजच्या नोंदणी विभागात नोकरी करते. एका कॉलेजात केलेला विषय दुसऱ्या कॉलेजात धरला जाईल का, कशासाठी धरला जाईल, हे बघणं माझं रोजचं काम. फुटबॉल मी मुलामुळे शिकले. क्रेडिटचा हिशोब मात्र आधीपासून येत होता, आणि शेवटी तोच कामी आला.

त्याचं पहिलं विद्यापीठ मोठं, याच भागातलं. नाव घेत नाही. २०२३ मध्ये तो तिथे शिष्यवृत्तीवर गेला, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. पहिल्या वर्षी त्याला रेडशर्ट केलं. म्हणजे संघाबरोबर सगळा सराव करायचा, पण सामने चारपेक्षा जास्त खेळायचे नाहीत. मग ते वर्ष खेळण्याच्या हंगामांतून वजा होत नाही. पाच वर्षांत चार हंगाम असा तो हिशोब. ते वर्ष त्याने स्काउट टीमवर काढलं. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना त्यांच्या क्वार्टरबॅकसारखं खेळून आपल्या बचावफळीला सराव द्यायचा. एका आठवड्यात पळणारा क्वार्टरबॅक व्हायचं, पुढच्या आठवड्यात जागेवर उभा राहून लांब फेकणारा. स्वतःच्या संघाच्या चाली तो त्या वर्षी बहुतेक वहीतच शिकला.

पुढच्या वर्षी तो दुसऱ्या क्रमांकावर आला आणि सामन्यात साइडलाइनवरून इशारे द्यायला लागला. २०२४ पासून मोठ्या कॉलेजांच्या सामन्यांत प्रशिक्षकाला मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलता येतं, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढची चाल सुरू करायची वेळ मोजणाऱ्या घड्याळावर, पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, आणि बाकीच्या दहा जणांना काही ऐकू येतच नाही. म्हणून हाताचे इशारे अजून लागतात. दोघंतिघं वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या घालून एकाच वेळी हातवारे करतात. खरे एकाचेच असतात, बाकीचे समोरच्या संघाला चकवण्यासाठी. आम्ही वरच्या रांगेतून दुर्बीण लावून बघायचो: कपाळाला दोन बोटं, मग कोपर, मग छातीवर मूठ. एका सामन्यानंतर मी त्याला विचारलं, "आज तुझे इशारे खरे होते की खोटे?"

"पहिल्या हाफमध्ये खरे, नंतर खोटे," तो म्हणाला. "पण आई, खोटे पण तेवढ्याच मनापासून करावे लागतात. नाहीतर त्यांना लगेच कळतं."

इतक्या मन लावून काम करणाऱ्या मुलाला चेंडू हातात मिळायलाच हवा, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं. कऱ्हाडहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर दर रविवारी एकच विचारायच्या, "अरे, पण तू खेळतोस कधी?" तो म्हणायचा, "आजी, मी तयार असतो." ते खरंच होतं. सामन्याच्या आठवड्यात त्याची तयारी पहिल्या क्वार्टरबॅकइतकीच असायची.

प्रश्न उभा राहिला तो २०२५ च्या हंगामात. पहिल्या क्रमांकावरचा मुलगा त्याच्या एक वर्ष मागे होता. पुढचा खेळाडू आधी पदवी घेऊन बाहेर पडणार असेल तर वाट बघण्यात अर्थ असतो. इथे तो माझ्या मुलाच्या नंतर बाहेर पडणार होता. त्यातच नोव्हेंबरअखेर प्रशिक्षकांनी सांगितलं की ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, आणखी एक अनुभवी क्वार्टरबॅक आणायचा विचार आहे. हे आता सगळीकडे चाललं आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या 'हाउस' नावाच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता यायला लागले, २०२५-२६ साठी एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. एवढा पैसा हाताशी असला की चार वर्षं घडवलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवण्यापेक्षा दुसरीकडे खेळून तयार झालेला खेळाडू आणणं सोपं वाटतं. मला हे मुलांवर अन्यायाचं वाटतं. जे वाट बघायला तयार असतात त्यांच्यावरच तो होतो.

सिनसिनाटीत राहून ही गोष्ट कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं असतं: जो बरो, इथल्या बेंगल्स या व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक. इथल्या प्रत्येक दुकानात त्याच्या नावाची जर्सी लटकलेली असते. तोही ओहायो स्टेटमध्ये बॅकअपच होता, तीन हंगामांत मिळून त्याने जेमतेम ३९ पास फेकले. २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटला गेला, २०१९ च्या हंगामात त्याने ६० टचडाउन पास दिले, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवली, राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि व्यावसायिक संघ खेळाडू निवडतात त्या २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. शेजारी, ऑफिसातले, मराठी मंडळातले, सगळे हेच सांगायचे. यातली एक गोष्ट मात्र कुणी सांगत नव्हतं. ओहायो स्टेट सोडताना बरोने पदवी घेतलेली होती, तीन वर्षांत. तेव्हा विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं; पदवीधर असल्यामुळे त्याला ते बसावं लागलं नाही. आमच्या मुलाची पदवी अर्धी झालेली होती, आणि अर्धी पदवी घेऊन जाणं ही निराळीच गोष्ट आहे.

क्वार्टरबॅकच्या प्रशिक्षकांनी त्याला बोलावून थांबण्याबद्दल सांगितलं. "तुझ्यात आणि मैदानात फक्त एका स्नॅपचं, म्हणजे एका खेळीचं, अंतर आहे." दाखल्याला त्यांनी कार्डेल जोन्सचं नाव घेतलं. २०१४ मध्ये ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या जोन्सने विस्कॉन्सिन, अलाबामा आणि ओरेगन अशा तिघांना हरवून विजेतेपद आणलं. गोष्ट खरी आहे आणि माझ्या मुलाला ती तोंडपाठ आहे. पण घरी आल्यावर तो म्हणाला, "मला खेळायला मिळायचं तर माझ्या मित्राचा गुडघा जायला पाहिजे. रोज सकाळी उठून मी त्याची वाट बघायची का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्या नवऱ्याचं मत थांबावं असं होतं. पदवीला विद्यापीठाचं नाव मोठं, शिष्यवृत्ती पक्की, दीड वर्षात इंजिनिअर होऊन बाहेर पडेल. ते म्हणत होते त्यात काही चूक नव्हती, आणि पोर्टलचे नियम वाचल्यावर तर मलाही तसंच वाटलं. ट्रान्सफर पोर्टल २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. खेळाडूने लेखी मागणी केली की विद्यापीठाला दोन कामकाजी दिवसांत त्याचं नाव त्यात घालावं लागतं; कुणी अडवू शकत नाही. पण नाव गेलं की सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती काढून घेण्याची मुभा विद्यापीठाला मिळते, आणि नाव जाईपर्यंत दुसऱ्या कुठल्या प्रशिक्षकाशी बोलणं नियमात बसत नाही. म्हणजे हातातली जागा आधी सोडायची, मग दुसरी आहे का ते विचारायचं. शिवाय २०२६ पासून वर्षात एकच मुदत, २ ते १६ जानेवारी. आधी एप्रिलमध्येही एक असायची. वसंतातला सराव करून, आपला नंबर कितवा लागतो ते बघून जाता यायचं. ती आता रद्द झाली आहे.

प्रशिक्षकांशी बोलता येत नसलं तरी विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर कुठला विषय कशाच्या बरोबरीचा धरतात याचे तक्ते असतात आणि ते कुणालाही बघता येतात. डिसेंबरभर मी रात्री तेच केलं. यात समजून घेण्यासारखी गोष्ट अशी: "तुमची सगळी क्रेडिट घेऊ" असं कुणी म्हणालं तरी ती पदवीच्या विषयांत घेतात की नुसती ऐच्छिक म्हणून जमा करतात, हे वेगळं विचारावं लागतं. डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, खेळायचं तर ४०-६०-८० चा नियम असतो: दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८०. थर्मोडायनॅमिक्स आणि डायनॅमिक्स जर ऐच्छिकांत गेले, तर क्रेडिट कागदावर दिसतील, पण पदवीच्या टक्केवारीत येणार नाहीत, आणि मुलगा पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक असला तरी ऑगस्टमध्ये मैदानात उतरू शकणार नाही. मी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, पुस्तकाचं नाव, प्रयोगशाळेचे तास असं सगळं एका फोल्डरमध्ये लावून ठेवलं. मुलाला तेव्हा ते जास्तच वाटलं होतं.

मुदत उघडल्यावर त्याने स्वतः विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम सांभाळणाऱ्या कार्यालयाला, ईमेल लिहिला. आम्ही दोघं खोलीत होतो, पण पाठवायचं बटण त्याने दाबलं. त्यानंतरचे दिवस फार कठीण गेले. बॅकअपकडे दाखवायला खेळलेलं काही नसतं. एकतर्फी झालेल्या सामन्यांच्या शेवटी मिळालेले थोडे स्नॅप आणि हायस्कूलचं चित्रीकरण, एवढंच त्याच्या व्हिडिओत होतं. नाव गेल्या गेल्या फोन येतात ते खेळून नाव झालेल्यांना. याचा फोन जेवणाच्या टेबलावर उताणा ठेवलेला असायचा आणि त्यावर फक्त एजंट म्हणवणाऱ्या अनोळखी लोकांचे मेसेज यायचे, इतके टक्के द्या, जागा मिळवून देतो. त्यांतल्या एकालाही आम्ही उत्तर दिलं नाही.

मग दोन ठिकाणं खरी म्हणावीत अशी पुढे आली. पहिलं नावाजलेलं, मोठ्या कॉन्फरन्समधलं, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या मोठ्या विद्यापीठांच्या गटातलं. त्यांच्याकडे आधीच चार क्वार्टरबॅक होते आणि क्रेडिटचं विचारल्यावर सहायक प्रशिक्षक म्हणाले, ते आमची माणसं बघून घेतील. मी इंजिनिअरिंग विभागाकडून लेखी मागितलं. उत्तर आलं त्यात माझी भीती खरी ठरली, दोन मुख्य विषय ऐच्छिकांत. दुसरं एफसीएस या फुटबॉलच्या दुय्यम गटातलं, डिव्हिजन एकच पण लहान मैदानाचं, कमी पैशाचं. तिथल्या विभागातल्या सल्लागार बाईंनी माझा फोल्डर मागवून घेतला, विषयवार बघितला आणि दुसऱ्या दिवशी यादी पाठवली: काय पदवीत धरलं, काय नाही आणि का. मी हेच काम रोज करते, त्यामुळे ते कुणी नीट केलं आहे की नाही हे मला कळतं.

मुलाने तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना एवढंच विचारलं की वसंतातल्या सरावात पहिल्या फळीबरोबर मला किती रेप्स, म्हणजे चाली खेळायच्या संधी, मिळतील. त्यांनी जागा देण्याचं वचन दिलं नाही. "आमच्या मुलाला जितक्या तितक्याच तुला, आणि निर्णय ऑगस्टमध्ये," असं सांगितलं. फोन ठेवून तो म्हणाला, "तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला आकडा सांगितला." नवऱ्याने रात्री उशिरापर्यंत दोन्ही पदव्यांची मान्यता तपासली. दोन्हीकडे मेकॅनिकलला एबेटची, म्हणजे इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे हे बघितल्यावर त्यांनीही होकार दिला. पुढची धावपळ मोठी होती, कारण वसंतातला सराव करायचा तर त्याच सत्रात नाव नोंदवायला हवं, आणि तिथले वर्ग सुरू झालेले होते. सामान गाडीत भरून तो आणि त्याचे बाबा रात्रीच निघाले.

वसंतातला सराव आता संपला आहे. रेप्स सांगितल्याप्रमाणे निम्म्या निम्म्या मिळाल्या. दुसरा मुलगा चांगला आहे, याच्यापेक्षा चपळ आहे, आणि पहिला कोण हे ऑगस्टमध्येच ठरेल. सासूबाईंना त्याने सरावाच्या सामन्यातला एक टचडाउन पास पाठवला. त्यांनी तो कऱ्हाडमध्ये सगळ्यांना दाखवला. मटेरियल्सच्या प्रयोगशाळेचं क्रेडिट तेवढं अडकलं आहे. जुन्या विद्यापीठात तो विषय आणि प्रयोगशाळा एकत्र शिकवतात, नव्यात वेगळे. आम्ही प्रयोगांच्या वह्या स्कॅन करून अर्ज दिला आहे. विभागाची बैठक जूनमध्ये आहे आणि अर्ज नामंजूर झाला तर तो विषय त्याला उन्हाळ्यात पुन्हा करावा लागेल. त्यासाठीची नोंदणी मी आत्ताच करून ठेवली आहे.