आंब्याखालचा पाण्याचा टप

गेल्या डिसेंबरात मी लेकीच्या घोडीचा टप आंब्याच्या सावलीत सरकवला. ब्रिस्बेनचं ऊन, पाणी गार राहील एवढाच विचार. पागेच्या मालकीणबाई धावतच आल्या. “रात्री वटवाघळं या झाडावर जेवतात,” म्हणाल्या, आणि दोघींनी मिळून टप परत पत्र्याखाली नेला.

हेंड्रा हे इथलंच उपनगर. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथल्या एका पागेत आजारी गाभण घोडी आणली होती. खाईना, म्हणून ट्रेनर विक रेल यांनी तिला हाताने भरवायचा प्रयत्न केला. घोडी गेली, पाठोपाठ डझनभर घोडे गेले, आणि मग रेलही. त्यांचा मोतद्दार आजारी पडून वाचला. विषाणूला पुढे उपनगराचंच नाव मिळालं.

फळं खाणारी मोठी वटवाघळं हा विषाणू अंगात बाळगतात, पण त्यांना काही होत नाही. त्यांचं मूत गवतावर, चाऱ्यात, पाण्यात पडतं. त्यातून घोड्याला लागण होते आणि त्याच्या नाकातल्या स्रावातून, रक्तातून माणसाला. आजवर सात माणसांना हेंड्रा झाला, चार दगावली. त्यांत दोन पशुवैद्य होते. सातही जणांना तो घोड्यांकडूनच झाला. रोगी घोड्याची सेवा करणाऱ्यानेच मरावं, हे मला फार लागतं.

आई वाईला असते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्या, तेव्हा तिचा घाबरून फोन आला होता. निपाह हा हेंड्राचा भाऊबंदच. वटवाघळं मारून टाका, असं इथेही काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. इथल्या निलगिरीच्या रानांचं परागीभवन तीच करतात. आपण टप हलवावा, चारा छपराखाली ठेवावा आणि घोड्याला लस द्यावी. ही लस २०१२ पासून मिळते, घोड्यांसाठीच. माणसांसाठी अजून नाही. खर्चापायी ती टाळणाऱ्यांशी मी वाद घालते, आणि घालत राहीन.

गेल्या महिन्यात घोडीने चारा सोडला, घाम फुटला, सारखी पोटाकडे वळून बघत होती. लेक रडत होती, तिला नाकावर हात फिरवायचा होता. मी तिला कुंपणाबाहेरच धरून ठेवलं. डॉक्टर मास्क, हातमोजे, अंगभर झगा घालून आले आणि आत जाण्याआधी एकच प्रश्न विचारला, “लस कधी दिली?”

तारीख मला तोंडपाठ होती. पोटशूळ निघाला.