चित्रात माड का नाहीत?

प्रदर्शन पुण्यात असो, कोल्हापुरात असो की रत्नागिरीत, कुणीतरी थांबून विचारतंच, "तुम्ही कोकणातल्या ना? मग माड, समुद्र, कौलारू घर, काहीच कसं नाही? हा नुसता काळा खडक काय काढता?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट बसून सांगते.

तो खडक म्हणजे आमचा सडा, जांभ्या दगडाचं उघडं पठार. माझं गाव राजापूर तालुक्यात, सड्याच्या उतारावर. शाळा सड्यापलीकडे, पाऊण तासाची वाट. समुद्र मला वर्षातून तीन-चारदा दिसायचा. सडा रोज दोनदा पायाखाली असायचा. डोळा तिथंच तयार झाला.

आणि सडा काळा नाही हो. जांभा आतून लाल, पिवळट, जाळीदार. ऊन-पाऊस खाऊन आणि शेवाळं वाळून वरचा थर काळवंडतो, एवढंच. म्हणून काळी ट्यूब मी वापरतच नाही. आधी बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा हात द्यायचा, तो पुरता वाळला की वर अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा. खालचा लाल कुठंकुठं डोकावला पाहिजे. पावसात कागद दोन-दोन दिवस वाळत नाही, तेवढं थांबायचं.

पाऊस सुरू झाला की खळग्यांत बोटभर माती आणि टाचभर पाणी साचतं. एवढ्यावर जुलैत दिपकाडीची पांढरी फुलं येतात. मग गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचा पिवळा, आणि सीतेची आसवं. ही जांभळी फुलं नखाएवढी. असल्या मातीत पोषण कमी, म्हणून त्यांच्या झाडाला ओल्या चिखलात बारीक पिशव्या असतात, त्यांत ते सूक्ष्म जीव पकडतं. हे मला कळलं ते मोठेपणी, पण ती फुलं काढताना हात आजही जरा हळू चालतो. दसऱ्यापर्यंत गवत पिवळं पडतं, आणि मग सगळं पुन्हा उघडं. सातबाऱ्यावर या जमिनीला पोटखराबा म्हणतात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. तो शब्द वाचला की मला आजही वाईट वाटतं.

चैत्रात टिटवी याच खडकावर अंडी घालते. घरटं असं नाहीच, चार खडे बाजूला सारलेले. अंडी खड्यांच्याच रंगाची. तुम्ही जवळ गेलात की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. लहानपणी एकदा माझा पाय अंड्यांपासून वीतभर अंतरावर पडला होता. टिटवीच्या चित्रात मी अंडी कधी ठळक काढत नाही. ज्याला दिसतील त्याला दिसोत.

आमचे एक गुराखी काका होते. एकदा मी त्यांची गुरं काढली, सगळ्यांना दाखवली, सगळ्यांनी वाहवा केली. काकांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "काय गो, ढवळ्याचा डावा कान फाटलेला, तो का नाय काढलास?" मी बैल काढला होता, ढवळ्या नव्हता काढला. चित्रकलेच्या शाळेत इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

काकांसारखीच नजर असलेली माणसं याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी बसली होती. आमच्याच तालुक्यातल्या कशेळीचं कातळशिल्प, म्हणजे सड्याच्या खडकात कोरलेलं चित्र, पाहिलंय का? सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती, आणि त्याच्या रेषांच्या आत मासे आणि जनावरं दाटीनं कोरलेली. उक्षीलाही हत्ती आहे. आज आमच्या सड्यावर हत्ती नाहीत, पण कोरणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असणार. 2022 साली कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पहिल्यांदा त्या हत्तीशेजारी उभी राहिले तेव्हा मी वही उघडलीच नाही. नुसती भोवतीनं फिरले, कारण एका जागी उभं राहून तो डोळ्यांत मावत नाही.

दरवर्षी सडा थोडा थोडा जातो. चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या खाणी होतात, सुरुंग लावून खड्डे पाडतात, माती भरून हापूसची कलमं लावतात. आमचं घर चिऱ्याचंच, आमचीही चाळीस कलमं सड्यावरच आहेत. त्यांच्या पैशातून माझे रंग आलेत. म्हणून बोट दाखवत नाही. जे आज आहे ते फाटक्या कानासकट कागदावर उतरवते, आणि खाली तारीख न विसरता घालते.

माडांचं म्हणाल, तर ते आहेत. सड्याच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं की वाडीतल्या माडांचे नुसते शेंडे दिसतात, आपल्या पायांच्याही खाली. सध्या टेबलावर आहे त्या चित्रात अगदी तळाशी तसे पाच शेंडे आहेत. सहावा काढायचा आहे, पण कागद अजून ओला आहे.