होळीनंतरचं वजन

होळीला मावशीकडे मेळघाटात जायचं म्हणजे घाटातच दोन-तीन ठिकाणी गाडी अडवली जाते, फगवा द्या म्हणून. रस्त्यात आडवा बांबू, बाजूला ढोल-बासरी, नाचणाऱ्या बाया, दहा-वीस रुपये काढले की बांबू वर. मला हे जाम आवडतं. मावशी धारणी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, वीसेक वर्षं झाली. गाव सगळं कोरकू आदिवासींचं, त्यामुळे होळी म्हणजे त्यांची दिवाळीच, कुठंकुठं कामाला गेलेली माणसं काहीही करून होळीला घरी येतात.

आणि मावशीचं खरं टेन्शन तिथून सुरू होतं. कारण माणसं येतात तशी लेकरंही येतात.

दिवाळी झाली की अर्धं गाव रिकामं होतं. कोणी अचलपूर-अकोल्याकडे वीटभट्टीवर, कोणी हरभरा काढायला, कोणी मध्य प्रदेशात. घरी म्हातारी आणि कोंबड्या. लहान लेकरू आईच्या पदराखाली असतं ते आईसोबतच जाणार, त्याला मागं कसं ठेवणार. मग चार महिने अंगणवाडीच्या रजिस्टरात त्या लेकरापुढं ‘स्थलांतरित’ असं लिहिलेलं असतं आणि ते लेकरू भट्टीच्या कडेला प्लॅस्टिकच्या झोपडीत धुरात असतं. आई पहाटे चारपासून चिखलात, दूध पाजायला मधे वेळ मिळाला तर मिळाला. दुपारी भात आणि पातळ डाळ, तेही मोठ्यांसाठी शिजवलेलं, तिखट. आठ महिन्यांचं लेकरू त्यातलं काय खाणार?

गेल्या होळीनंतर मी दोन दिवस जास्त राहिलो आणि मावशीने मला कामाला लावलं. लांबी मोजायचा पाट धरायचा. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. दोन वर्षांखालच्या लेकराला आडवं झोपवून मोजतात, डोकं एका फळीला टेकलेलं पाहिजे, गुडघे सरळ पाहिजेत, तळवे सरकत्या फळीला पाहिजेत, आणि लेकरू जिवाच्या आकांताने रडतंय, आई वरून बघतेय की हा शहरातला दादा माझ्या पोराचा पाय का ओढतोय. पहिल्या तिघांत मीच घामाघूम. मग एक मुलगा आला, भट्टीवरून चार दिवसांपूर्वी आलेला, वजन काट्यावर सहा किलो सातशे ग्रॅम. पाय जरा वाकडाच होता, मी म्हटलं सत्तर. मावशीने माझ्याकडे असं बघितलं, गुडघा हळूच दाबला, फळी सरकवली. एक्काहत्तर.

आता यात गंमत अशी आहे (गंमत कसली), तक्त्याप्रमाणे मुलगा ७० सेंटीमीटरचा असेल तर ६ किलो ७०० ग्रॅमला तो मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. ७१ चा असेल तर सॅम, म्हणजे तीव्र. कारण सत्तरला शेवटची रेषा ६.६ किलोवर आहे आणि एक्काहत्तरला ६.८ वर. एका सेंटीमीटरवर त्या लेकराचा तक्त्यातला रंग पिवळ्याचा लाल झाला, त्याला ग्राम बाल विकास केंद्रात घ्यायचं का, दिवसातून चार-सहा वेळा वेगळं खाऊ घालायचं का, ते पेस्टसारखं घट्ट पौष्टिक अन्न द्यायचं का, दवाखान्यात पाठवायचं का, हे सगळं त्या एका गुडघ्यावर.

मी म्हटलं मावशी, सत्तर लिहिलं असतं तर तुझंच काम कमी झालं असतं. तर म्हणे, "अरे बाप्पा, तेच तर व्हते सगळीकडं. उंची नीट मोजली का सॅम वाढते, सॅम वाढले का वरून फोन येते, तुमच्याच गावात कसे काय वाढले म्हणून. जे नीट मोजते तेच बोलणं खाते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुण्याला आल्यावर मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे काढून बसलो, हे सर्वेक्षण बाहेरची माणसं घरोघर जाऊन करतात त्यामुळे त्यांना कोणाचा फोन येत नाही. महाराष्ट्रात २००५-०६ ला पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं खुरटलेली होती, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. २०१५-१६ ला ३४.४. दहा वर्षांत बारा टक्क्यांची घट ही चांगलीच आहे, कुपोषण कमी करायचं राजमाता जिजाऊ मिशन २००५ ला महाराष्ट्रानेच देशात पहिल्यांदा सुरू केलं होतं, तो काळ. पण पुढचं सर्वेक्षण, २०१९-२१ वालं, ३५.२. थांबलंच. आणि उंचीच्या मानाने वजन फारच कमी, म्हणजे मावशीचं ‘सॅम’, ते ९.४ वरून १०.९ टक्के. देशाचा आकडा तेव्हा ७.७ होता, म्हणजे आपण पुढारलेलं राज्य म्हणून मिरवतो आणि इथं देशाच्या मागं. करोनावर ढकलायचीही सोय नाही, कारण महाराष्ट्रातली पाहणी डिसेंबर २०१९ मध्येच संपली होती. पोरांमधला ॲनिमिया ५३.८ वरून ६८.९. आणि अंगणवाडीच्या महिन्याच्या रिपोर्टात मात्र सॅम कितीतरी कमी दिसतात. कोण खोटं बोलतंय असा प्रश्नच नाही मला, मी पाट धरलाय, मला माहितीये सत्तर कसं लिहिलं जातं.

एक सांगतो, सगळंच वाईट चाललंय असं नाही. मावशी लागली तेव्हा बाळंतपणं घरातच व्हायची, पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने बाळाच्या पोटावर चटके द्यायचे, डंबा म्हणतात त्याला, अजूनही कधीमधी बातमी येतेच. पण आता आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी येऊन बाळ बघते, वजन करते, ताप बघते. ही आयडिया आपल्याच गडचिरोलीतली, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळ सांभाळून दाखवलं, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. नंतर ते देशभर गेलं. २०२० ला महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर, म्हणजे वर्षाच्या आत जाणारी बाळं, हजारी १६, देशाचा २८. म्हणजे लेकरू आता जगतंय. जगल्यावर त्याला खायला काय, तिथं घोडं अडलंय.

खाण्याचं तर विचारूच नका. मावशीच्या सासूबाई सांगायच्या, आधी कुटकी असायची, सावा, नाल्यातले खेकडे-मासे, मोहाची फुलं, डोंगरातल्या भाज्या. १९७४ ला व्याघ्र प्रकल्प झाला, जंगलात जायला बंदी वाढत गेली, शेतात सोयाबीन आलं. सोयाबीन विकून पैसा येतो पण ते कोणी घरी शिजवून खात नाही. त्या पैशाचं रेशनच्या पलीकडे काय येतं तर पाच रुपयाचं चमचमीत पाकीट. मी मोजली नाहीत पण गावात तीन दुकानं आणि तिन्हींच्या दारात त्या पाकिटांच्या माळा. आई कामावर निघताना रडणाऱ्या लेकराच्या हातात एक देते, गप्प बसतं. मी आईला नावं ठेवणार नाही, मी माझ्या भाच्याला मोबाइल देतो ते काय वेगळं आहे.

सरकारी पाकिटांची वेगळीच कथा. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना घरी न्यायला जो तयार आहार मिळतो तो कित्येक घरांत शेळी खाते, चवच आवडत नाही. करोनात त्याऐवजी कच्चं धान्य दिलं, गहू, डाळ, हरभरा, ते मात्र शिजायचं. अमृत आहार योजनेत अंडं-केळी मिळतात ती मात्र हिट आहेत. अंडं असतं त्या दिवशी हजेरी फुल. मावशी म्हणते बाकी सगळं बंद करा आणि रोज एक अंडं द्या. मला पण पटतं, फक्त सामान्य मुलामागे रोजचे आठ रुपये असा दर वर्षानुवर्षं चालत आला, त्यात अंडं बसवायचं म्हणजे कसरतच.

बरं, होळीचं वजन म्हटलं म्हणून तेच सगळ्यात वाईट असं समजू नका. जुलै-ऑगस्ट त्याहून वाईट. घरातलं धान्य संपलेलं, आई पेरणी-निंदणीला, नाले भरून रस्ते बंद, आणि हगवण न्यूमोनिया दोन्ही एकदम. होळीला लाल झालेलं लेकरू तीन महिन्यांत भरून निघालं नाही तर पाऊस त्याला झेपत नाही. म्हणून मावशीला मार्च-एप्रिलची एवढी घाई असते, आणि नेमकी त्याच वेळी वर्षअखेरची रिपोर्टं मागतात, त्यात सेविकेचा अर्धा दिवस ॲपमध्ये.

स्थलांतराचंही ॲप आलंय, महाएमटीएस, २०२१-२२ ला अमरावती, नंदुरबार, पालघर अशा सहा जिल्ह्यांत ट्रायल होऊन मग राज्यभर. कल्पना चांगली आहे, इथली नोंद तिथल्या अंगणवाडीला दिसावी, म्हणजे भट्टीजवळच्या सेविकेने लेकराला हाक मारावी. पण भट्टीपासून अंगणवाडी तीन-चार किलोमीटर असेल तर आई मजुरी बुडवून कशी नेणार, मालक सोडणार का?

मावशीने आपली एक युक्ती केली होती. दंड मोजायची ती रंगीत पट्टी असते ना, साडेअकरा सेंटीमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढं हिरवी. दिवाळीनंतर निघालेल्या प्रत्येक आईच्या पिशवीत तिने एकेक टाकली होती, दर बाजाराच्या दिवशी मोजा आणि लाल आलं तर मला फोन करा. वाचता यायची गरज नाही, रंग बघायचा. मला वाटलं वा, हे खरं सोल्यूशन.

त्या एक्काहत्तर सेंटीमीटरवाल्या मुलाच्या आईला मी विचारलं, पट्टी होती ना तुझ्याकडे? ती लाजून हसली. हिंदीतच म्हणाली, बच्चों ने खेलने में ले ली, मोठ्या पोरीने बाहुलीला पट्टा केला आणि विटांच्या गाडीत कुठंतरी गेली.

मावशीने काही न बोलता टेबलाच्या खणातून दुसरी काढली, आणि दोन दिल्या. एक बाहुलीसाठी.