सेंटर स्पीकर घुमतोय? आधी कप्प्यातून बाहेर काढा

होम थिएटरमध्ये पिक्चरमधले जवळपास सगळे डायलॉग सेंटर स्पीकरमधून (टीव्हीजवळ मधोमध ठेवतात तो) येतात आणि आपल्याकडे तोच बिचारा टीव्ही युनिटच्या कप्प्यात पार आत ढकललेला असतो, मग माणसं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. ईक्यूला (आवाजाचे जाड-बारीक पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायची सेटिंग) हात लावायच्या आधी स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, कानाच्या दिशेने जरा तिरका करा, बराच फरक तिथेच पडतो (फुकटात!).

रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) सेंटर 'स्मॉल' ठेवा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा जाड आवाज सबवूफरकडे जातो. तरी घुमत असेल तर मॅन्युअल ईक्यूत १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डीबी कमी करून बघा. फक्त काही रिसीव्हरमध्ये मॅन्युअल ईक्यू चालू केला की माइकने केलेलं ऑटो करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज आपोआप जुळवणं) बंद होतं, ते मेनूत तपासा.

शब्द कळत नाहीत म्हणून लोक सरळ ट्रेबल वाढवतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण ६-७ किलोहर्ट्झच्या आसपास 'स' आणि 'श' टोचायला लागतात, स्पष्टपणा खरा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो, तिथे एखाद-दुसरा डीबी पुरे.

टेस्टिंगला गाणी नकोत, बातम्या लावा. आवाज स्टीरिओ असेल तर डॉल्बी सराउंड मोड (दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरमध्ये वाटणारा) ऑन करा, नाहीतर सेंटर गप्पच बसेल.