दोघांच्या मधली खुर्ची

रविवार, सकाळ

काल रात्री पोकरमध्ये पाचशे रुपये गेले. पाचशेचं दुःख नाही, तेवढ्यात हल्ली दोघांचं धड जेवणही होत नाही. झोप उडवली ती एका डावाने. लिहून काढल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

मध्यरात्र उलटून गेली होती. माझ्या उजव्या हाताला सुहास, डाव्या हाताला त्याची बायको मृणाल. (नावं बदलली आहेत. आमच्यातले वाचतील त्यांना तरीही कळेल, त्याला इलाज नाही.) माझ्याकडे एक्का-दश्शी. फ्लॉपला, म्हणजे सगळ्यांसाठी टेबलावर उघडतात त्या पहिल्या तीन पत्त्यांत, बदामाचा एक्का, एक नव्वी, एक चव्वी. सुहासने साठ लावले, मी साठ भरले, मृणालने दोनशे केले. सुहासने पापणीही न हलवता साडेचारशे केले. माझ्यापुढे जेमतेम सातशेच्या चिप्स. एकाने वाढवलं, त्यावर दुसऱ्याने वाढवलं, आणि आपण मध्ये एक्क्याची जोडी आणि कच्ची दश्शी घेऊन बसलेलो. मी पॅक केलं. पोकरमध्ये फोल्ड म्हणतात, पण आम्ही सगळे तीन पत्तीतून आलेले, आमच्या तोंडी पॅकच येतं.

आणि मी बाहेर पडताच आग विझली. मृणालने मुकाट्याने बरोबरी केली. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, चेक, चेक; कोणीच पैसे लावले नाहीत. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, तेच: चेक, चेक. पत्ते उघडले तर सुहासकडे नव्व्यांची जोडी, मृणालकडे राजा-गुलाम, म्हणजे काहीच नाही. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, हजाराच्या वर होता. तो सुहासकडे सरकवत मृणाल हसून म्हणाली, "जाऊ दे, घरचंच घरी."

सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

सोमवार

ऑफिसात दिवसभर तेच. मृणाल नवखी असती तर मी सोडून दिलं असतं. राजा-गुलाम घेऊन एक्क्याच्या फ्लॉपवर साडेचारशे घालवणं नवख्याला शोभतं. पण हीच बाई आमच्या टेबलावरच्या अजयसमोर किंवा काकांसमोर असे पत्ते एका सेकंदात टाकून देते. आणि सुहाससमोर ती कधीच रिव्हरला पैसे लावत नाही. कधीच म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत तरी नाही.

पत्ते लावल्याचा संशय मला नाही. वाटप फिरतं, शेजारच्याला काटायला देतात, आणि खरं सांगायचं तर आमच्यात कोणाला नीट पिसताच येत नाही. बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की कॅटचे दोन भाग करून एकमेकांत फर्रकन मिसळण्याच्या पद्धतीने ५२ पत्ते चांगले मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. आमची पद्धत म्हणजे उभा कॅट हातात धरून गठ्ठे खालीवर करायचे, तेही गप्पा मारत. त्याने फार हळू मिसळतं. पण वाईट पिसण्याचा फायदा सगळ्यांना सारखाच, म्हणजे कोणालाच नाही.

राहिली ती जोडीची गोष्ट. दोघांनी मिळून तिसऱ्याला मध्ये चेपायचं, तो पळाला की आपसात चेक करत शेवट गाठायचा. पोकरमध्ये प्रत्येक जण एकटा खेळतो; स्पर्धांच्या नियमावलीत मैत्रीखातर हात सैल सोडणाऱ्याला दंड आहे. पूर्वी आम्ही मोबाईलवर खेळायचो तेव्हा बरीच ॲप एकाच वायफायवरच्या दोघांना एका टेबलावर बसूच देत नसत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि आम्ही अजयच्या हॉलमध्ये आलो. इथे तर सगळे एकाच वायफायवर.

मंगळवार

नळ-दमयंतीच्या गोष्टीत ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते सांगतो, आणि नळ म्हणतो, थांब, झाड पाडून मोजून बघतो. मला तो नळ फार आवडतो. जुगारात राज्य गेलेल्या माणसाची हीच तऱ्हा असणार. मीही आज मोबाईलमधल्या टिपणांत मोजायला बसले: दोघं डावात असताना कोणी वाढवलं, मधला कोण होता, पुढे काय झालं. पण जे पॅक झालं ते कोणी दाखवत नाही, त्यामुळे निम्मं झाड अंधारात.

आणि दिसलं तरी काय? २०२२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या हसलर कॅसिनोच्या पोकरच्या थेट प्रक्षेपणात रॉबी ल्यू या खेळाडूने गुलाम-चव्वीवर १ लाख ९ हजार डॉलरच्या ऑल-इनला, म्हणजे सगळंच पणाला लावण्याला, बरोबरी केली. हातात जोडी नाही, काही नाही. समोरच्या गॅरेट ॲडेलस्टाइनकडेही पूर्ण झालेलं काही नव्हतं, म्हणून ती जिंकली. त्याला संशय आला, तिने १ लाख ३५ हजार डॉलर परत केले, चौकशी बसली, आणि डिसेंबरात निष्कर्ष आला की फसवणुकीचा पुरावा सापडला नाही. तिथे प्रत्येक पत्ता प्रक्षेपणात दिसत होता. माझ्याकडे मोबाईलमधली टिपणं आणि बाकरवडीचे तेलकट डाग.

पण एक फरक आहे. तिथे प्रश्न एका विचित्र डावाचा होता. इथे विचित्र काही नाहीच, पुन्हा पुन्हा तेच आहे. एकदा घडलं तर लहर म्हणता येतं. दर शनिवारी घडतं त्याला मी लहर म्हणणार नाही.

गुरुवार

शेवटी मृणाललाच फोन केला. ग्रुपवर टाकलं असतं तर महाभारत झालं असतं.

"अगं, त्याच्यावर काय पैसे लावायचे?" ती म्हणाली. "त्याच्याकडून जिंकून मी काय करू? उद्या भाजी त्याच पैशांची."

"बरं, त्याच्यावर लावू नकोस. पण मी मध्ये असले की वाढवतेस का?"

"तू पॅक करतेस म्हणून." आणि खळखळून हसली. लपवाछपवी काही नाही.

"आणि सुहासने त्यावर वाढवलं तर तू भरतेस कशी? हातात राजा-गुलाम असताना?"

"त्याने तसं वाढवलं की मला कळतं, त्याला तू बाहेर हवी आहेस."

"कसं कळतं?"

"बारा वर्षं झाली लग्नाला."

खूण नाही, खोकला नाही, पायाला पाय नाही. तिला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतच नव्हतं, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. तीन पत्तीत साइड शो असतो, शेजाऱ्याशी पत्ते गुपचूप ताडून बघायची रीतसर सोय. दिवाळीत वर्षानुवर्षं तेच खेळलेल्या माणसाला दोघांनी मिळून काही ठरवणं गैर का वाटावं? फक्त पोकरमध्ये ती सोय नाही, आणि या दोघांना पत्ते दाखवायचीही गरज पडत नाही.

मी तिला लबाड म्हणणार नाही. पण माझ्या चिप्सच्या बाजूने पाहिलं तर हेतू शुद्ध होता की नव्हता याने काडीचा फरक पडत नाही. मधल्या खुर्चीतला माणूस दोन हातांविरुद्ध खेळतो, आणि त्यातला एक हात हरला तरी त्याचं काही जात नाही. हे मी तिला असंच सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आमच्यातल्या एकानेच खेळायचं का?" मी "हो" म्हटलं. तिला वाटलं असावं मी "छे गं" म्हणेन.

रविवार, दुपार

काल विषय तिनेच काढला, हे तिचं मोठेपण. अजय वैतागला. "मित्रांत कसले नियम? इथे काय पोकरची वर्ल्ड सिरीज चाललीय?" काका बँकेतून निवृत्त झालेले, पत्ते लावताना कधी बोलत नाहीत. ते म्हणाले, "अरे, मित्र आहेत म्हणूनच. परक्यांत खेळत असतो तर उठून गेलो असतो." यावरून मला कळलं की मधल्या खुर्चीत काकाही भाजून निघालेले होते आणि इतके दिवस एक शब्द बोलले नव्हते.

सुहास मात्र दुखावला. "म्हणजे आम्ही चोर?" असं दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात मृणालने त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. त्या एका नजरेने माझा मुद्दा माझ्याहून चांगला मांडला. काकांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

ठरलं ते असं: एका शनिवारी सुहास, पुढच्या शनिवारी मृणाल. काल मृणाल बसली. सुहास रिकामा, म्हणून म्हणाला, "मग मी पत्ते वाटतो सगळ्यांना." क्षणभर कोणी काही बोलेना. मग काका, अजय आणि मी एकदमच "नको" म्हणालो, आणि त्यावर पहिल्यांदा सुहास मोकळेपणाने हसला. चहा त्याने केला, आलं जरा जास्तच घालून. मृणालने माझे तीनशे घेतले. पत्ते उघडले तेव्हा तिच्याकडे खरंच तीन अठ्ठ्या होत्या.