सत्तेचाळीस माणसं आणि एक अण्णा

सोलापूर, मंगळवार, रात्री

आज दुपारी ईसीजीचा रेकॉर्डर घेऊन पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात गेले होते, अजून कानात खडखडाट चालूय. आबा याच आवाजात तीस वर्षं उभे राहिले, घरी आले की आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. आणि मी इतकी वर्षं बायोमेडिकल शिकवते, ईसीजीवर संशोधन करते, पण त्यात सोलापूरच्या एकाही माणसाचं हृदय नव्हतं.

माझी पीएचडी एमआयटी-बीआयएच या ईसीजी रेकॉर्डिंगच्या डेटाबेसवर. या विषयातला जवळपास प्रत्येक जण त्यावरून जातोच. बोस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये १९७५ ते १९७९ या काळात घेतलेली अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, माणसं मात्र ४७, कारण २०१ आणि २०२ नंबर एकाच माणसाचे. २०८ नंबरचे वेडेवाकडे ठोके मी डोळे मिटून काढून दाखवीन, शेजारच्या घरातल्यांचं मला तेवढं माहीत नाही. त्यावर पेपर झाले, लेक्चररची असोसिएट झाले, मग प्रोफेसर. पेपरात ठोके ओळखण्याची अचूकता ९९ टक्क्यांच्या वर, आणि ते आकडे खरेच आहेत, पण त्या ४७ जणांपुरते.

आज ज्यांचा ईसीजी घेतला ते अण्णा पन्नाशीचे, टॉवेलच्या मागावर. म्हणाले, "मॅडम, हे लावून माग थांबवायचा नाही ना? थांबलो तर मजुरी जाते." म्हटलं नाही अण्णा, चालू मागावरचंच पाहिजे. घामानं इलेक्ट्रोड सुटत होते, दोनदा पुसून परत लावले. माग बंद होता तोवर ईसीजीची रेघ एकदम स्वच्छ, आणि मागाचा पट्टा चढवून तो चालू केला की आमचा प्रोग्राम जास्तीचे ठोके मोजायला लागला.

ईसीजीतले ठोके शोधायची पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ ची पद्धत मी दरवर्षी फळ्यावर काढते, ती साधारण ५ ते १५ हर्ट्झमधलेच सिग्नल ठेवते आणि रेघेचा चढ किती तीव्र ते बघते, म्हणजे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण बाहेर राहते, पण धोटा फेकला की हिसका, फणी आपटली की हिसका, अंग आणि वायर दोन्ही हलतात आणि तसाच तीव्र चढ तयार होतो. त्यात माग मिनिटाला शंभरच्या आसपास फेरे मारतो, म्हणजे जवळपास हृदयाच्याच चालीनं. कुठला ठोका अण्णांचा आणि कुठला मागाचा, हे मलाच स्क्रीनकडं बघून दोन-तीन ठिकाणी सांगता येईना. जेवणानंतर परत बसले, तरी नाही.

निघताना अण्णांनी विचारलं, "काय निघालं छातीत?" ही तपासणी नाही, पण काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांकडं मी स्वतः घेऊन जाईन, असं सांगून आलेय.

बोस्टनच्या रेकॉर्डिंगवर दोन हृदयतज्ज्ञांनी वेगवेगळं बसून एकेका ठोक्यावर खूण केली होती. अण्णांच्या अर्ध्या तासात दोन हजारांवर ठोके आहेत. त्यांवर तशाच खुणा करायला एक डॉक्टर तयार झालेत, दुसऱ्यांना उद्या सकाळी राउंडच्या आधी गाठायचंय.