खोल्यांची वही आणि मेलचा ग्रुप

२०२४ च्या श्रावणात एका रविवारी रात्री नऊ वाजता नाशिकचं एक कुटुंब सामानासकट आमच्या मंडळाच्या दारात उभं होतं. सोबत ऐंशीच्या पुढच्या आजी. खोली पक्की झाल्याचा मेल त्यांना आमच्याच एका सभासदाने पाठवला होता. व्यवस्थापक काकांच्या वहीत मात्र त्या खोलीवर दुसऱ्याच पाहुण्यांचं नाव होतं, तेही शाईने. शेवटी सभागृहात गाद्या टाकून दिल्या. पहाटे मी गेले तेव्हा आजी खुर्चीत बसलेल्या होत्या. खाली निजलं तर उठता येत नाही, म्हणून रात्रभर तशाच. मला ते फार लागलं.

मंडळाची इमारत जुन्या इंदुरात, राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर. पाहुण्यांसाठी आठ खोल्या आहेत. महाकालचं उज्जैन इथून सुमारे ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर ऐंशीच्या आसपास. दोन्ही ज्योतिर्लिंगं करायची तर इंदूरला मुक्काम सोयीचा पडतो. सभासदाच्या शिफारशीवर खोली मिळते. सभासद साधारण १४०, सगळे एका गूगल ग्रुपवर; ग्रुपच्या पत्त्यावर एक मेल टाकला की तो सगळ्यांना जातो. चौकशी त्या ग्रुपवर व्हायची, उत्तरही तिथेच कुणीतरी द्यायचं, आणि वही काकांच्या टेबलावर. मेल आणि वही यांची भेट घडवणारं कुणी नव्हतं. घोळ तिथे होता.

मी हिशेबनीस आहे, प्रोग्रॅमर नाही. पण गूगल शीटवर रोजचं काम असल्यामुळे त्यातली अ‍ॅप्स स्क्रिप्ट (कामं आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्रॅम) थोडीफार लिहिता येत होती. पैसे भरून घ्यायच्या तयार बुकिंग सेवा दोन-तीन पाहिल्या, पण आठ खोल्यांसाठी तो खर्च कार्यकारिणीपुढे मांडायला मन होईना.

सगळ्यात आधी काकांजवळ चार संध्याकाळी बसले. या पूर्ण कामातलं खरं मोलाचं तेच होतं. वहीत पेन्सिलीने लिहिलेलं नाव म्हणजे फक्त विचारणा, शाईने लिहिलेलं म्हणजे अनामत जमा. नावापुढे छोटा गोल म्हणजे उज्जैनला महाकालच्या भस्म आरतीला जाणारे पाहुणे. आरती पहाटे चारची, म्हणजे ते इथून रात्री एक-दीडलाच निघणार आणि चौकीदाराला दार उघडावं लागणार. एक नंबरची खोली तळमजल्यावर आहे, ती काका कधीच फोनवर कुणाला देत नसत. "अगं बेटा, आधी विचारायचं, गुडघेदुखीवालं कुणी आहे का? नसलं तर वर पाठवायचं." हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तेच प्रश्न त्याच क्रमाने फॉर्ममध्ये घातले.

रचना साधी ठेवली. पाहुण्यांची शिफारस करणारा सभासद गूगल फॉर्म भरतो. नोंद शीटमध्ये येते. स्क्रिप्ट त्या तारखांना खोली मोकळी आहे का ते बघते, त्या खोलीच्या कॅलेंडरवर नोंद टाकते आणि सभासदाला मेल पाठवते. अनामत आली की काका शीटमधल्या खुणेच्या चौकटीवर बोट ठेवतात. पेन्सिलीची शाई होते. रद्द झालं तर मोकळ्या खोलीची सूचना ग्रुपवर आपोआप जाते. पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवताना गूगल 'हे अ‍ॅप तपासलेलं नाही' असा इशारा दाखवतं. आपणच लिहिलेली स्क्रिप्ट असेल तर तो अपेक्षितच असतो, पण कोणकोणत्या परवानग्या मागितल्या आहेत ते वाचूनच पुढे जावं.

चाचणीला स्वतःच्याच नावाने सोमवारची खोली मागितली. मेल आला रविवारचा! दोन दिवस मी कोडची ओळ न् ओळ तपासली. चूक कोडमध्ये नव्हतीच. शीट भारतीय वेळेवर होती आणि स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये अमेरिकेतली वेळ राहिली होती. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून सोमवार लागतो तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात रविवारचे सकाळचे साडेअकरा असतात, म्हणून तारीख एक दिवस मागे सरकत होती. दोन्हीकडे 'एशिया/कोलकाता' केलं आणि मिटलं. कुणी असं काही करणार असेल तर हे पहिल्याच दिवशी तपासावं. सोमवारऐवजी रविवारचा मेल गेला तर एखादं कुटुंब पुन्हा रात्री दारात उभं राहील.

कॅलेंडरची एक गोष्ट मात्र आमच्या पथ्यावर पडली. पूर्ण दिवसाच्या नोंदीला स्क्रिप्टमधून दिलेली शेवटची तारीख त्या नोंदीत धरली जात नाही. शनिवार ते सोमवार असं दिलं की शनिवार-रविवार अडतात आणि सोमवार मोकळा राहतो. मुक्कामाचा हिशेबही नेमका असाच असतो.

ग्रुपने मात्र खूप वेळ खाल्ला. सूचना प्रत्येक सभासदाला स्वतंत्र पाठवावी म्हणून मी स्क्रिप्टला सगळे पत्ते दिले. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातात. यादीतल्या शेवटच्या चाळीस जणांना काहीच कळलं नाही, आणि त्यात बरेचसे आमचे ज्येष्ठ सभासद. मग ग्रुपच्याच पत्त्यावर एक मेल पाठवायचं ठरवलं. मोजणीत तो एकच पत्ता धरला जातो. तो मेल ग्रुपने परतवला, कारण स्क्रिप्ट मंडळाच्या खात्यावरून चालत होती आणि ते खातं ग्रुपचं सभासदच नव्हतं. ते सभासद करून घेतलं. नवा सभासद ग्रुपमध्ये स्क्रिप्टनेच घालावा असंही मनात होतं, पण साध्या खात्याच्या स्क्रिप्टला ग्रुपची यादी फक्त वाचता येते, बदलता येत नाही. ते काम मी अजून हाताने करते, महिन्यातून एकदा.

पुढची अडचण उत्तरांची. 'आम्हाला हवी' असं उत्तर कुणी लिहिलं की ते १४० जणांना जायचं. आता उत्तरं फक्त ग्रुपच्या मालकांकडे येतात, आणि सूचनेतच तारीख आधी भरलेल्या फॉर्मचा दुवा असतो. तरी काही जणांना मेल उशिरा मिळायचे. त्यांनी कधीतरी डायजेस्ट निवडून ठेवलं होतं, म्हणजे अनेक मेल एकत्र बांधून एकदम येतात. आजची खोली मोकळी झाल्याचं उद्या कळून काय उपयोग! अशा सभासदांना मी एकेक करून फोन केले आणि ज्यांना हवं होतं त्यांचं सेटिंग बदलून दिलं.

एकाच मिनिटात दोन फॉर्म आले तर? दोन्ही वेळी स्क्रिप्टला खोली मोकळीच दिसते आणि दोघांनाही होकार जातो, म्हणजे नाशिकच्या कुटुंबाचं झालं तेच पुन्हा. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये कुलूप घालता येतं. पहिल्याचं काम पूर्ण होईपर्यंत दुसरा थांबतो. आमच्याकडे जास्तीत जास्त तीस सेकंद.

आणि मग २०२५ चा श्रावण आला. गर्दीच्या दिवसांत दोन रात्रींपेक्षा जास्त खोली द्यायची नाही असा नियम मी कोडमध्ये लिहिला होता, मराठी दिनदर्शिका समोर ठेवून, २५ जुलैपासून. पण उज्जैनचा सावन ११ जुलैलाच लागला. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला; म्हणून गुरुपौर्णिमा झाली की इथे सावन आणि आपल्याकडे आषाढाचा कृष्ण पक्ष. महाकालची पहिली सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, १४ जुलैच्या सोमवारी निघाली. त्या आठवड्यात आमच्या तीन खोल्या पाच-पाच रात्रींसाठी दिलेल्या होत्या आणि फोनवर लोकांना नाही म्हणावं लागलं. शेवटची राजसी सवारी १८ ऑगस्टला. इथे तेव्हा भादवा, पुण्यात श्रावणच. जन्म इंदुरात गेला, दोन्ही पंचांगं घरात असतात, तरी कोड लिहिताना माझ्या डोक्यात एकच महिना होता.

तो नियम मी कोडमधून काढला. आता शीटमध्ये 'गर्दीचे दिवस' असं वेगळं पान आहे आणि त्यातल्या तारखा काका स्वतः भरतात: सवाऱ्या, महाशिवरात्र, नागपंचमी, लागून आलेल्या सुट्ट्या. स्क्रिप्ट फक्त ते पान वाचते.

२ ऑगस्टला, शनिवारी दुपारी, एक नंबरची खोली रद्द झाली. सोमवारच्या सवारीसाठीची होती. सूचना ग्रुपवर गेली आणि अकराव्या मिनिटाला फॉर्म आला. 'ज्येष्ठ व्यक्ती आहे का' याला उत्तर 'हो'. काकांनी शीटवर खूण केली आणि सवयीने वहीतही नाव लिहिलं. वही बंद करा असं मी त्यांना कधी म्हटलं नाही. रोज संध्याकाळी ते दोन्ही ताडून पाहतात, आणि चौकीदाराला रात्री निघणाऱ्यांची यादी त्याच वहीतून मिळते.

सध्या माझ्या डोक्यात उज्जैनचा २०२८ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. साठ दिवसांच्या पुढचं बुकिंग फॉर्म घेत नाही, तरी लोक आत्तापासून फोन करतात. मागणी हजारात आणि खोल्या आठ. आधी कुणाला द्यायची, ज्येष्ठांना, लांबून येणाऱ्यांना की आधी मागणाऱ्यांना, हे स्क्रिप्टने ठरवायचं नाही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यावा असं पत्र मी कार्यकारिणीला दिलं आहे.